धूर आणि निमित्त

वाऱ्याला जीव असतो हे जैन घरातल्या पोरीला शाळेत जायच्या आधीच कळते. उगाच पंखा फिरवू नकोस, दिव्यावर फुंकर मारू नकोस, पदर झटकू नकोस, असे आजी म्हणते. का, म्हणून विचारले की उत्तर ठरलेले, वायुकायचे जीव दुखावतात. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती आणि त्रस, हे षट्काय आपल्याला बोटांवर पाठ असतात. ‘आचारांगा’च्या पहिल्या अध्ययनात या सहांना माणूस कोणकोणत्या शस्त्रांनी इजा करतो त्याचा विचार आहे, आणि तिथे वायूची पाळी सगळ्यात शेवटी येते. जे दिसत नाही ते समजवायला वेळ लागतो, म्हणूनच ते शेवटी ठेवले असावे असे मला वाटते.

स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वी मुहपत्ती तोंडावर बांधतात, मूर्तिपूजकांत ती हातात धरतात. बोलताना आपल्या तोंडाच्या वाफेने हवेतल्या जिवाला त्रास होऊ नये, एवढी ही जपणूक. कोविडच्या दोन वर्षांत सगळ्या जगाने तोंडाला कापड बांधले तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणींनी अभिमानाने म्हटले, बघा, आमच्यात हे अडीच हजार वर्षांपासून आहे. अभिमान ठीक आहे. पण मुहपत्ती आपण हवेला जपण्यासाठी बांधतो आणि जगाने मास्क हवेपासून स्वतःला जपण्यासाठी बांधला. दोन्हींची दिशा उलटी आहे. आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट राहून जाते. आपण बिघडवलेली हवा दुसऱ्या कुणाच्या छातीत जाऊन काय करते, ती गोष्ट. आपल्या आलोचनेत तिला वेगळे नाव नाही.

मी राहते ते सुरतेतल्या पर्वत पाटियाला. पाटिया म्हणजे गावाकडे वळायच्या जागी लावलेला फलक. पर्वत हे गावाचे नाव, आणि तिथे टेकडीसुद्धा नाही. खानदेशातून लग्न होऊन इथे आलेल्या माझ्यासारख्या बायकांना पहिल्या दिवशी याचे हसू येते. पलीकडे लिंबायत, तिथे आपली धुळे-जळगाव-नंदुरबारची माणसे लूमवर कामाला. पूर्वेला कडोदरा-पलसाण्याच्या मिल, दुसऱ्या अंगाला उधना आणि पांडेसरा. इथे मिल म्हणजे रंगाई-छपाईचा कारखाना. लूमवरचे ग्रे कापड तिथे जाते, धुतले जाते, रंगते, छापले जाते आणि मग मार्केटात येते. धुण्यारंगवण्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला दगडी कोळसा किंवा लिग्नाइट. सामायिकाची पांढरी साडी हिवाळ्यात रात्रभर गच्चीवर राहिली तर सकाळी तिच्यावर काळे कण दिसतात. ते झटकावेत की नाही, झटकले तर वायुकायची विराधना होते का, यावर आमच्याकडे एकदा अर्धा तास चर्चा झाली होती. ते कण आले कुठून, यावर कुणी बोलले नाही.

नंतर चातुर्मासातल्या स्वाध्यायात एका भाभीने बोलायला सुरुवात केली. तिच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या ताईचे आठ महिन्यांचे बाळ न्यूमोनियाने सिव्हिलमध्ये होते. डॉक्टरांनी विचारले होते की घरात चूल आहे का, जवळ मिल आहे का. भाभीचे म्हणणे असे, “न्यूमोनिया जंतूने होतो. धुराचा त्यात काय संबंध? आणि असला तरी आपला काय संबंध?” हे तिने दुष्टपणाने विचारले नव्हते, तिला खरेच कळत नव्हते. बाळाच्या औषधाचे पैसे तिनेच दिले होते. प्रश्न दोन आहेत आणि दोन्हींना सरळ उत्तर द्यायला हवे. पहिल्याचे उत्तर विज्ञान देते. दुसऱ्याचे आपल्याला आपल्याच शास्त्रात शोधावे लागते.

आधी पहिला. आपल्या श्वासनळीला आतून बारीक लव असते, शेतातल्या गव्हासारखी सतत हलणारी. तिच्यावर चिकट स्रावाचा पातळ थर असतो. श्वासातून आलेली धूळ, जंतू त्या थरात अडकतात आणि लव त्यांना वर ढकलत घशापर्यंत आणते. आपण खाकरतो किंवा गिळून टाकतो, काम झाले. रोज घर झाडणारी बाई जशी, तशी ही लव. त्यातूनही काही खाली फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत पोचलेच, तर तिथे राखणदार पेशी असतात, त्या जंतूला गिळून पचवतात. धुराचे बारीक कण या सगळ्या व्यवस्थेवर घाव घालतात. लव मंदावते, स्राव घट्ट होतो, आतले अस्तर सुजते. पीएम २.५ म्हणतात तो कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, आपल्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक. तो थेट पिशव्यांपर्यंत जातो. राखणदार पेशी त्यालाही गिळतात, पण काजळी पचत नाही. पोट काजळीने भरलेला राखणदार जंतूला काय गिळणार? प्रयोगशाळेत असेही दिसले आहे की धुराच्या कणांचा मारा झालेल्या पेशींना न्यूमोनियाचे जंतू जास्त घट्ट चिकटतात.

म्हणजे धूर जंतू आणत नाही, तो दार उघडे टाकतो. जो खोकला चार दिवसांत गेला असता तो छातीत उतरतो. आणि छातीत उतरलेले पोर जास्त दिवस खोकते, तेव्हा त्याच खोलीत झोपणाऱ्या दुसऱ्या पोरालाही ते मिळते. लिंबायतच्या एका खोलीत सहा माणसे झोपतात, हे लक्षात घ्या.

हे नुसते तर्कट नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात एका खोऱ्यात जिनिव्हा स्टील नावाचा पोलादाचा मोठा कारखाना होता. मालक-कामगार वादात तो ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ बंद राहिला, मग पुन्हा सुरू झाला. आर्डेन पोप नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने त्या भागातल्या रुग्णालयांच्या नोंदी काढून पाहिल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वासाच्या आजाराने भरती होणाऱ्या मुलांची संख्या बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. जंतू सगळ्या हिवाळ्यांत होते. थंडीही होती. नव्हता तो एका वर्षी धूर.

२००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा चीनमधल्या पाच भागांची तुलना झाली. जिथे हवा जास्त खराब, तिथे लागण झालेल्यांपैकी मरणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले. अशा तुलनेत गरिबी, दवाखान्याचे अंतर वगैरे दहा गोष्टी मिसळलेल्या असतात, म्हणून एकट्या त्या आकड्यावर मी भिस्त ठेवणार नाही. पण ग्वाटेमालाच्या डोंगराळ खेड्यांत केलेला प्रयोग पाहा. काही घरांना धुराडे असलेली चूल दिली, काहींना त्यांची उघडी चूल तशीच ठेवली आणि दोन्हींकडची तान्ही मुले डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष तपासली. न्यूमोनिया एकूण फारसा कमी झाला नाही, पण जिवावर बेतणारा, ऑक्सिजन कमी पडणारा न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाला. जंतू येतो तो येतोच. तो किती खोल जाईल, हे धूर ठरवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच वर्षांखालच्या मुलांच्या न्यूमोनियाच्या मृत्यूंपैकी ४४ टक्के मृत्यू घरातल्या धुराच्या खात्यावर जातात. गिरणीचा, गाड्यांचा धूर वेगळा.

आणि सगळ्यात मला खटकलेली गोष्ट लंडनची. ५ ते ९ डिसेंबर १९५२, पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके शहरावर बसून राहिले. त्या वेळी चार हजार माणसे गेली असे मोजले गेले. पण मृत्यू पाच दिवसांनी थांबले नाहीत, पुढचे दोन-तीन महिने नेहमीपेक्षा जास्त माणसे मरत राहिली. सरकारने सांगितले की ते इन्फ्लुएन्झामुळे. जवळजवळ पन्नास वर्षांनी संशोधकांनी तो हिशेब पुन्हा मांडला तेव्हा फ्लूची साथ कितीही मोठी धरली तरी आकडा जुळेना. एकूण बळी बारा हजारांच्या घरात गेले. म्हणजे आठ हजार माणसे फ्लूच्या नावाखाली पुरली गेली. धूर नामानिराळा राहिला.

भाभीच्या दुसऱ्या प्रश्नाची मेख इथे आहे. आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. फांदी मुळात कुजकीच होती, कावळ्याचे नुसते निमित्त झाले. निमित्त हा शब्द आपण व्यवहारात असा वापरतो, की ज्याच्यावर दोष येत नाही ते निमित्त. शास्त्रात मात्र तो असा हलका नाही. तिथे उपादान कारण आणि निमित्त कारण अशी जोडी आहे. माती हे घड्याचे उपादान, कुंभार आणि चाक हे निमित्त. आता कुंभाराशिवाय माती आपणहून घडा होते का? निमित्त काहीच करत नाही असे मानणारेही आपल्यात आहेत आणि त्यांच्या म्हणण्याला आध्यात्मिक अर्थ आहे. माझ्या दुःखाचे खापर मी दुसऱ्यावर फोडत बसू नये, स्वतःच्या परिणामांकडे पाहावे, हा तो अर्थ. पण हे ज्याला दुखावले गेले त्याने स्वतःशी म्हणायचे वाक्य आहे. ज्याने दुखावले त्याने ते म्हटले की त्याचा अर्थ उलटतो.

कर्माच्या बाबतीत तर हे रोज होते. ‘त्या बाळाचे अशातावेदनीय कर्म उदयाला आले’, असे स्वाध्यायात एकीने सहज म्हटले. आई आपल्या आजारपणात ‘माझे कर्म’ म्हणते तेव्हा त्यात समता असते. तेच आपण दुसरीच्या पोराबद्दल म्हणतो तेव्हा त्यात समता कुठे असते? तिथे फक्त सुटका असते. लंडनच्या सरकारने जे फ्लूच्या नावाने केले तेच आपण कर्माच्या नावाने करतो.

पण प्रश्न अवघड आहे हे मान्य करते. युटातल्या त्या हिवाळ्यात शंभर मुले दवाखान्यात आली असे समजा. कारखाना बंद असता तर त्यातली निम्मी तरी घरीच बरी झाली असती. पण कोणती निम्मी? हे कोणताही डॉक्टर, कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. एकाही आईला ठामपणे सांगता येत नाही की तुझ्या बाळाला धुराने पाडले. मुंगी पायाखाली आली तर मुंगी दिसते, पाय दिसतो, मिच्छामि दुक्कडं म्हणता येते. इथे मेलेल्याला नाव नाही आणि मारणारे हजार आहेत. एका मिलचे बॉयलर बंद झाले तर एकही मूल वाचले असे सिद्ध करता येणार नाही. सगळे बॉयलर स्वच्छ झाले तर कितीतरी वाचतील हे मात्र नक्की. अशी ही हिंसा, जी एकेकाच्या हिशेबात शून्य निघते आणि सगळ्यांच्या हिशेबात डोंगराएवढी.

व्यवहाराचा कायदा इथे अडतो. आपले शास्त्र अडत नाही, कारण आपल्याकडे हिंसेची व्याख्या बळीपासून सुरू होत नाही. उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त प्रमादाला पुढे ठेवले आहे. प्रमत्त योगाने प्राणांचा वियोग, ती हिंसा. प्रमाद म्हणजे बेपर्वाई, गाफीलपणा, माहीत असून न पाहणे. जपून चालणाऱ्या साधूच्या पायाखाली जीव आला तरी तो प्रमादी ठरत नाही, आणि न पाहता धावणाऱ्याच्या पायाखाली काही आले नाही तरी तो निर्दोष ठरत नाही. कोणते मूल माझ्या धुराने पडले हे कळायची गरजच नाही. धूर कुठे जातो ते मला माहीत आहे आणि मी तिकडे पाहत नाही, एवढे पुरे आहे.

शिवाय प्राण किती? दहा. पाच इंद्रिये, मन-वचन-काय यांची तीन बळे, आयुष्य, आणि श्वासोच्छ्वास. श्वास हा स्वतःच एक प्राण मानला आहे. म्हणजे कुणी मेले तरच प्राणातिपात, असे नाही. आठ महिन्यांचे पोर रात्रभर बरगड्या ओढत श्वास घेते तेव्हाच त्याच्या एका प्राणावर घाला पडलेला असतो, मग ते चार दिवसांनी बरे होऊन घरी का येईना. इरियावहियं आपण दिवसातून कितीदा म्हणतो. त्यात जिवाला दहा प्रकारांनी दुखावल्याची क्षमा आहे, आणि मारणे हा त्यातला शेवटचा प्रकार. त्याच्या आधी आपटणे आहे, घाबरवणे आहे, थकवणे आहे. आणि दुसराच प्रकार आहे, धुळीने झाकणे. घाईघाईत म्हणताना तो शब्द तोंडातून निसटून जातो.

सुरतेला श्वासाच्या आजाराची ओळख नव्याने करून द्यायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये इथे फुप्फुसाचा प्लेग आला, श्वासातून पसरणारा. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला होता. काही दिवसांत काही लाख माणसे शहर सोडून गेली. तापी लाइनच्या गाड्या खानदेशाकडे खच्चून भरून गेल्या. दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. त्या वर्षी पुराचा चिखल, मेलेली जनावरे, तुंबलेली गटारे शहरभर होती, आणि जंतू कुणाच्याही श्वासातून आला असला तरी त्याला पोसले कुणी, हे सुरतकरांना उघड दिसले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि वर्ष-दीड वर्षात हेच शहर देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांमध्ये दुसरे गणले गेले. तेव्हा कुणी असे म्हणाले नाही की प्लेग जंतूने होतो, कचऱ्याचा काय संबंध. जमिनीवरचा कचरा दिसत होता, त्याचा वास येत होता. हवेतल्या कचऱ्याला अजून ते भाग्य लाभलेले नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘स्वच्छ वायु सर्वेक्षणा’त दहा लाखांवरच्या शहरांत सुरत पहिली आली. आम्हीही पेढे वाटले. पण त्या स्पर्धेत बहुतेक गुण शहराने काय काय उपाय केले यांना असतात, रस्ते झाडायची यंत्रे, कचरा जाळण्यावर बंदी, विजेच्या बस वगैरे. उपाय चांगलेच आहेत. पण पहिला नंबर म्हणजे हवा शुद्ध, असे समजून निश्चिंत होऊ नये. आपल्या देशाची पीएम २.५ ची वर्षभराची मर्यादा एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली ५. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आपण सगळे राहतो.

याच सुरतेत एक अशी गोष्ट झाली आहे की तिच्यावर आपल्या समाजात चर्चा व्हायला हवी होती. २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने इथल्या तीनशेवर कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवून कणांचा बाजार सुरू केला. सगळ्या मिलनी मिळून हवेत किती किलो कण सोडायचे, याची कमाल मर्यादा ठरली. तेवढे परवाने वाटले. ज्याने धूर कमी केला त्याने उरलेले परवाने विकायचे, ज्याला जमले नाही त्याने विकत घ्यायचे. हवेतल्या बारीक कणांसाठी असा बाजार जगात पहिला. अर्ध्या मिल बाजारात आणि अर्ध्या जुन्या नियमाखाली, अशी तुलना करून संशोधकांनी पाहिले तर बाजारातल्या मिलचे कण २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले.

ऐकल्यावर पहिल्यांदा अंगावर काटा येतो. पाप करायचा परवाना विकत मिळतो की काय! पण आपण तर व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायका, थोडा हिशेब करू या. आपल्या श्रावकाच्या व्रतांत ‘परिमाण’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. परिग्रहाचे परिमाण, दिशेचे परिमाण, भोगोपभोगाचे परिमाण. गृहस्थाला शून्य जमणार नाही, तेव्हा निदान रेघ ओढ, असे शास्त्र म्हणते. या बाजाराने तेच केले, धुरावर रेघ ओढली आणि ती पाळली की नाही ते धुराड्यावरच मोजले. उपदेशाने जे झाले नव्हते ते मोजमापाने झाले, हे मी मोकळेपणाने मान्य करते. खटकते ते दुसरे. शहराची बेरीज कमी झाली तरी ज्या मिलने परवाने विकत घेतले तिच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत पोर झोपलेलेच आहे. त्याचा श्वास बेरजेत येत नाही.

मग आपला काय संबंध? करणे, करवणे आणि अनुमोदणे, ही तीन करणे. साधू तिन्हींचा त्याग करतो. श्रावकाचे व्रत साधारणपणे दोन करणांचे असते. अनुमोदना त्यातून वगळलेली असते, कारण संसारात राहून तिच्यापासून सुटता येत नाही. पंधरा कर्मादानांत अंगारकर्माचे, म्हणजे कोळसा-भट्टीवर चालणाऱ्या धंद्याचे, नाव पहिले आहे. त्यामुळे आपल्यातले पुष्कळ जण मिल चालवत नाहीत, कापडाचा व्यापार करतात, आणि त्यांना वाटते आपण बाहेर आहोत. पण ग्रे कापड मिलला जॉबवर्कसाठी देणे हे अनुमोदन की करवणे? माझ्या मते ते सरळ करवणे आहे. भट्टी त्याची, ऑर्डर आपली. आणि ती साडी नेसणारी मी अनुमोदनेत आहे. व्रताने मला अनुमोदनेची सूट दिली आहे ती नाइलाज म्हणून. नाइलाज कुठे संपतो आणि सोय कुठे सुरू होते, हे ज्याचे त्यानेच पाहायचे असते.

घरातलेही थोडे बोलते, कारण ते आपल्या हातात जास्त आहे. डास मारायची रॅकेट आपण घरात येऊ देत नाही, पंचेंद्रिय नसला तरी त्रस जीव आहे. बरोबर आहे. पण रात्री कासवछाप म्हणतात तसली गोल उदबत्ती लावून दार बंद करून पोरांना झोपवतो. अशी एक अख्खी कॉइल जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असे मोजले गेले आहे. मच्छरदाणीत कुणाचाच जीव जात नाही, डासाचाही नाही आणि पोराच्या फुप्फुसाचाही नाही. कामाला येणाऱ्या ताईच्या घरी सिलिंडर आहे का, आणि असला तर दुसरा भरायला पैसे असतात का, हे विचारायला काय हरकत आहे? अठ्ठाईच्या वरघोड्यात फटाके वाजवणाऱ्यांबद्दल तर मी काही लिहीतच नाही. आठ दिवस तोंडात पाण्याशिवाय काही न घेणाऱ्या तपस्विनीच्या पुढे बारूद उडवणाऱ्याला कोणत्या गाथेने समजवायचे?

पण घरातल्यावर सगळा भार टाकून बाहेरच्याला मोकळे सोडायचे नाही. बायकांना सांगायचे की उदबत्ती कमी लावा, आणि पुरुषांच्या गाद्यांवर प्रश्न जाऊ द्यायचा नाही, ही आपली जुनी खोड आहे. जॉबवर्क देताना मार्केटात सगळे विचारले जाते. मीटरला काय दर, रंग पक्का आहे का, डिलिव्हरी कधी, किती टक्के शॉर्टेज. बॉयलरच्या धुराड्याला बॅग फिल्टर आहे का, एवढेच विचारले जात नाही. बॅग फिल्टर म्हणजे कापडाच्याच लांब पिशव्या, त्यांच्यातून धूर गाळून जातो. एका अर्थी धुराड्याला बांधलेली मुहपत्ती. तो बसवायला खर्च येतो आणि चालवायला वीज लागते, त्यामुळे तपासणीला कुणी येणार नसेल तर तो बंद ठेवायचा मोहही होतो. यंत्रे आली ती त्यासाठीच.

या पर्युषणाआधी आमच्या स्वाध्याय गटातल्या चौघींनी घरी हाच एक प्रश्न विचारायचे ठरवले, आपला माल ज्या मिलमध्ये जातो तिथे फिल्टर आहे का. एका घरी उत्तर आले, “तुला काय करायचे आहे?” एका घरी, “सगळीकडे असतो, सक्तीच आहे.” तिसरीच्या मुलाने दोन दिवसांनी मिलमध्ये फोन लावून विचारले आणि सांगितले की आहे, दिवसा चालू असतो. रात्री असतो का ते त्याला कुणी सांगितले नाही. चौथी अजून विचारायची आहे. तिचे यजमान दिवाळीच्या सीझनमध्ये आहेत, आणि ती म्हणते, गिऱ्हाईक कमी झाले की बोलते.